आडनाव विचारले आणि जेवायला बसवले

आपल्या देशात ‘आडनाव काय?’ हा प्रश्न कधीच साधा नसतो. भाड्याची खोली पाहायला गेलेल्या तरुणाला तो विचारला जातो, नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला विचारला जातो, रेल्वेत शेजारी बसलेला प्रवासी डबा उघडण्यापूर्वी विचारतो. नुसते नाव सांगितले तर ‘पूर्ण नाव?’ असा पुढचा प्रश्न येतो. पूर्ण नावावरूनही पत्ता लागला नाही तर ‘मूळ गाव कोणते?’ आणि तरीही समाधान झाले नाही तर ‘कुलदैवत कोणते?’ विचारणाऱ्याला उत्तर मिळेपर्यंत चैन पडत नाही आणि उत्तर देणाऱ्याला ते दिल्यानंतर. राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलून घेणारी आपली माणसे काही हौसेने ते करीत नाहीत.

चीनमध्ये हाच प्रश्न आदराने विचारतात. परक्या माणसाशी ओळख करून घेताना ‘नीन क्वेइ शिंग?’ म्हणायचे, म्हणजे ‘आपले मौल्यवान आडनाव काय?’ उत्तर देणाऱ्याने आधी तो मान नम्रपणे बाजूला सारायचा आणि ‘मान असू द्या, आडनाव अमुक’ असे सांगायचे. चिनी भाषा शिकविणाऱ्या पाठ्यपुस्तकांत हा संवाद अगदी सुरुवातीच्या धड्यांत असतो. तेथे आडनाव आधी लिहितात, नाव नंतर. वांग आणि ली ही दोनच आडनावे लावणारी माणसे प्रत्येकी दहा कोटींच्या आसपास आहेत आणि झांग त्यांच्या पाठोपाठ. दहा कोटी माणसांचे आडनाव एकच असेल तर त्यावरून कोण कोणाची पायरी ठरवणार? वांग मंत्री असतो आणि वांग गटारही उपसतो.

हे सारे मला माझ्या बहिणीच्या मुलीमुळे कळले. विदर्भातील एका तालुक्याच्या गावची ही मुलगी 2015 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला गेली. येथील खासगी महाविद्यालयाची फी झेपणारी नव्हती. मेव्हण्यांनी कर्ज काढले, थोडे शेत विकले आणि पोरीला हेनान प्रांताच्या राजधानीत, झेंगझोऊला पाठविले. महाराष्ट्रातील हजारो मुले त्या काळात याच वाटेने गेली. तेथील भारतीय मुलांच्या खाणावळीत पहिल्याच आठवड्यात आपल्याच देशातल्या एका मुलाने तिला पूर्ण नाव विचारले. तिने सांगितले. त्यानंतर तिच्या टेबलावर कोण बसते आणि कोण बसत नाही, हे तिला तीन दिवसांत समजले. साडेतीन हजार किलोमीटरवर विमानाने गेलेली मुले सामानाबरोबर काय काय नेतात, याचा हा नमुना. त्यामुळे चिनी भाषेच्या वर्गात ‘मौल्यवान आडनाव’ हा धडा आला तेव्हा ती गप्प बसली. शिक्षिकेला वाटले, मुलीला उच्चार जमत नाही.

ज्या कुटुंबात तिने चिनी नववर्ष साजरे केले ते कुटुंब या महाविद्यालयातील कोणा प्राध्यापकाचे वा सहाध्यायाचे नव्हते. ते तिच्या वसतिगृहाच्या दारावर बसणाऱ्या बाईचे होते. दाराच्या किल्ल्या सांभाळायच्या, जिने पुसून घ्यायचे, रात्री उशिरा येणाऱ्यांची नोंद ठेवायची, अशी पन्नाशीची बाई. तिला सर्व मुली ‘आयी’ म्हणत. आयी म्हणजे आईची बहीण, मावशी. परक्या प्रौढ बाईला आणि घरकाम करणाऱ्या बाईलाही तेथे हाच शब्द. आपल्याकडच्या वसतिगृहांतही अशा बाईला मावशीच म्हणतात. फरक इतकाच की तेथे ‘मावशी’चा उच्चार ‘आई’च्या जवळ जातो.

या आयीची आणि भाचीची गट्टी जमली ती लाबाच्या खिरीमुळे. चिनी चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी ‘लाबा’ नावाचा सण येतो. त्या दिवशी तांदूळ, बाजरीसारखी भरड धान्ये, घेवडे, शेंगदाणे, लाल चिनी बोरे असे आठ-दहा जिन्नस एकत्र शिजवून दाट खीर करतात. आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावे की, चिनी बौद्ध परंपरेत हा बुद्धाच्या संबोधीचा दिवस मानला जातो आणि या खिरीचा संबंध सुजातेने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीशी जोडला जातो. आपण संबोधी वैशाख पौर्णिमेला मानतो, ते कडाक्याच्या थंडीत मानतात. विहारांसमोर पहाटेपासून रांगा लागतात आणि भिक्खू मोठमोठ्या कढयांतून येणाऱ्या जाणाऱ्याला वाडगाभर खीर देतात. 2018 मध्ये हा दिवस 24 जानेवारीला आला. वसतिगृह सुट्टीमुळे रिकामे होत चालले होते. आयीने विजेच्या भांड्यात खीर शिजवली आणि दाराशी आलेल्या भाचीच्या हातात वाडगा दिला. सणाचे कारण तिने आपल्या परीने सांगितले. त्यावर भाची म्हणाली, ‘ही गोष्ट माझ्या आजीने मला सांगितली आहे.’ आयीला ते खरेच वाटेना. तिच्या लेखी बुद्ध ही चिनी वस्तू. तिने विचारले, ‘तुमच्याकडेही आहे तो?’

हसण्यासारखा प्रश्न आहे; पण हसणाऱ्याने आधी विचार करावा की आपल्या देशाने बुद्धाला किती शतके घराबाहेर ठेवले होते.

त्या खिरीनंतर आयीने नववर्षाला आपल्या गावी चलण्याचा आग्रह धरला. ‘सगळे घरी जातात आणि तू इथे एकटी कुलूप लावलेल्या इमारतीत राहणार, हे बरे दिसत नाही.’ गाव लुओयांगच्या बाजूला. या लुओयांगजवळ श्वेताश्व विहार आहे. परंपरेनुसार इसवी सन 68 मध्ये कश्यप मातंग आणि धर्मरत्न या भारतीय भिक्खूंसाठी तो उभारला गेला. त्याच आवारात भारताच्या वतीने सांचीच्या धर्तीवर एक स्तूप बांधला असून 2010 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ह्युएन त्सांगचे जन्मगावही याच मुलखातले. सातव्या शतकात त्याने महाराष्ट्र पाहिला, पुलकेशीचे राज्य पाहिले, येथील विहार पाहिले आणि येथील माणसे उपकार विसरत नाहीत व अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाची नोंद करून ठेवली. चिनी मुलांना मात्र तो ठाऊक असतो माकड सोबत घेऊन पश्चिमेच्या स्वर्गाकडे ग्रंथ आणायला निघालेला भिक्खू म्हणून. आयीच्या सात वर्षांच्या नातवाने भाचीला पहिला प्रश्न तोच केला : ‘तू पश्चिमेच्या स्वर्गातून आलीस?’ आपल्या तालुक्याच्या बसस्थानकाची तिला आठवण झाली आणि काय उत्तर द्यावे हे कळेना.

हा नातू आजी-पणजोबांकडे वाढत होता. आयी झेंगझोऊला, तिचा नवरा गावी शेतावर आणि मुलगा व सून दक्षिणेला ग्वांगदोंग प्रांतातील कारखान्यात. मुलगा आणि सून सणाच्या तीन दिवस आधी आले, स्वस्तातल्या साध्या गाडीने रात्रभर बसून. मुलाला वर्षभराने आई दिसली आणि तो पणजीच्या मागे लपला. आईने आणलेले नवे जाकीट तिने दोनदा पुढे केले, दोनदा त्याने मान फिरवली. तिसऱ्यांदा पणजीने ते स्वतःच त्याच्या अंगात घातले. भाचीने मला हे फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘मामा, आपल्या ऊसतोडीवाल्यांच्या घरात असेच होते ना?’ होय, असेच होते. फरक इतका की बीडची माणसे दिवाळीच्या सुमारास घराबाहेर पडतात आणि हेनानची माणसे नववर्षाला घरी येतात.

या घरी येण्याला ते ‘छुनयुन’ म्हणतात. नववर्षाच्या आगेमागे चाळीस दिवसांची ही वाहतूक. 2018 मध्ये सरकारी हिशेबात ती सुमारे 300 कोटी फेऱ्यांची होती. त्या वर्षी गाव सोडून वा गावाजवळच शेतीबाहेरची मजुरी करणाऱ्या चिनी माणसांची संख्या सुमारे 28 कोटी 80 लाख होती. ज्या वस्तू आपण स्वस्त म्हणून घेतो, त्या बनविणारे हात हेच. आता प्रश्न असा की, इतकी वर्षे शहरात राबणारी माणसे आपली मुले सोबत का नेत नाहीत? उत्तर ‘हुकोऊ’ या एका शब्दात आहे. 1958 च्या नियमांनी प्रत्येक कुटुंबाची नोंद एका ठिकाणी बांधली गेली आणि शेतकी व बिगरशेतकी असे माणसांचे दोन वर्ग पडले. आईची नोंद जेथे, तेथे मुलाची, म्हणजे जन्मानेच. रेशन, शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन सारे त्या वहीला बांधलेले. पुढे माणसांना शहरात कामाला येऊ दिले. पण नोंद गावातच राहिली. 2003 मध्ये ग्वांगझोऊ शहरात सुन झिगांग नावाच्या तरुणाला कागदपत्रे जवळ नव्हती म्हणून पकडले आणि कोठडीत मारहाणीत त्याचा मृत्यू झाला. देशभर संताप उसळला, तेव्हा कुठे अशा लोकांना पकडून गावी पाठविण्याचा नियम त्याच वर्षी रद्द झाला. 2014 मध्ये शेतकी-बिगरशेतकी हा भेदही कागदावरून काढण्याचा निर्णय झाला. लहान शहरांत नोंद मिळणे सोपे झाले. परंतु मोठ्या शहरांच्या शाळेचे दार आणि त्याहूनही विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचे दार अजूनही बहुतांशी नोंदीवर उघडते. हेनानमध्ये 2018 साली त्या परीक्षेला जवळपास दहा लाख मुले बसली. नातवाची ओळ त्या रांगेत.

आणि गंमत पाहा. झेंगझोऊमध्ये भाचीकडे परदेशी विद्यार्थिनी म्हणून वास्तव्याचा रीतसर परवाना होता. तिच्या दाराशी बारा वर्षे किल्ल्या सांभाळणाऱ्या आयीची नोंद मात्र गावचीच.

सणाआधीचे दिवस स्वयंपाकघरातले. हेनानमध्ये गव्हाचे राज्य आहे. वाफेवरचे पाव ढिगाने होतात, त्यांत लाल बोरे खोचून फुलांसारखे आकार करतात, कमळाच्या देठाचे काप तळतात, मांसाचे गोळे तळतात. घर तापविण्याची सोय नसल्याने सगळे घरातही जाडजूड कोट घालूनच वावरतात आणि कोळशाच्या शेगडीभोवती गोळा होतात. दाराला लाल कागदावरची जोडओळी चिकटवली जाते, ‘सौख्य’ या अर्थाचे अक्षर काही जण मुद्दाम उलटे लावतात. कारण ‘उलटे झाले’ आणि ‘आले’ या शब्दांचा उच्चार त्यांच्या भाषेत एकच. भाचीला पाहुणी म्हणून बसवून ठेवण्याचा बेत होता. तिने लाटणे मागून घेतले. तेथील लाटणे वीतभर लांबीचे. एका हाताने लाटायचे आणि दुसऱ्या हाताने लाटी फिरवायची. चार लाट्यांत तिचा हात बसला. मग आत डुकराचे मांस आणि चिनी कोबीचे सारण भरून मुरड घालायची. करंजीला मुरड घालणाऱ्या हाताला ‘ज्याओझं’ची मुरड अवघड नव्हती. सून तिच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘झोंग!’ हेनानच्या बोलीत ‘झोंग’ म्हणजे जमले, पसंत, होय, ठीक. साऱ्या संमतीला हा एकच शब्द पुरतो.

त्या घरात तिला कोणी ‘तुम्ही काय खात नाही?’ असे विचारले नाही, हेही सांगितले पाहिजे. डुक्कर खातेस का, एवढे विचारले. ‘खाते’ म्हटल्यावर सारे खूश झाले. आपल्या खाणावळीत ज्या पदार्थाचे नाव घेताना ती आवाज खाली करीत असे, तो येथे सणाचा मान होता.

15 फेब्रुवारीची रात्र म्हणजे वर्षाची शेवटची रात्र. त्या रात्रीचे जेवण हे पुनर्मीलनाचे जेवण. दूर असलेल्याने पोहोचायचे असते ते या जेवणाला. गोल टेबलावर दरवाजाकडे तोंड करून बसण्याची जागा मानाची. तेथे पणजोबा बसले आणि शेजारी भाचीला बसविले. मासा अखंड येतो आणि संपवायचा नसतो, कारण ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ यांचा उच्चार सारखा. सून जेवण अर्धे होईपर्यंत बसलीच नाही. आयीही उठ-बस करीत होती. घरातील लग्न झालेली मुलगी तर त्या रात्री माहेरी नव्हतीच. जुन्या रीतीनुसार लेकीने शेवटच्या रात्री माहेरी जेवायचे नसते, तिने यायचे ते नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी. पुनर्मीलन कोणाचे, हा प्रश्न भाचीला तेथेच पडला.

मग पणजोबांनी विचारले. पुस्तकातला आदर त्यात नव्हता, गावठी रोखठोक प्रश्न होता : ‘आडनाव काय तुझे?’

टेबलावर सगळे थांबले नाहीत, कोणाच्या काड्या थबकल्या नाहीत, कोणी कान टवकारले नाहीत. थबकली ती फक्त भाची. तिने आडनाव सांगितले. पणजोबांनी ते दोनदा म्हणून पाहिले, जिभेवर बसले नाही, सोडून दिले आणि तिच्या वाडग्यात मांसाचा गोळा टाकला. पण म्हाताऱ्याच्या नजरेतून तिचे थबकणे सुटले नव्हते. ‘आडनाव सांगायला का अडलीस?’

आता हे समजावून सांगायचे कसे? तिने मोबाईलवरच्या शब्दकोशात ‘जात’ हा शब्द शोधला. शब्द निघाला ‘झोंगशिंग’. त्यातील ‘झोंग’ म्हणजे बी, बियाणे, वाण. आणि ‘शिंग’ म्हणजे आडनाव. बी-आडनाव! संस्कृत-पाली ग्रंथांच्या चिनी अनुवादांतून हा शब्द जुन्या काळापासून चालत आलेला. भारतातील जात सांगायची तर चिनी माणसाला बियाणे आणि आडनाव यांची मोट बांधावी लागली, आणि बांधली ती अचूक. पणजोबांना मात्र हा पुस्तकी शब्द ठाऊक नव्हता. त्यांना वाटले, मुलगी शेतीच्या बियाण्याबद्दल काही विचारते आहे. त्यांनी मुलाला गव्हाच्या वाणाचे नाव सांगायला लावले. सगळे हसले. भाचीने पुन्हा प्रयत्न केला. आडनावावरून माणूस कोणत्या घरात जन्मला ते कळते, त्यावरून तो वरचा की खालचा ठरतो, खालच्याशी लग्न करत नाहीत, त्याच्या हातचे खात नाहीत, बापाचे ते मुलाला लागते, मुलाचे नातवाला. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे छेंगफेन.’

हा शब्द भाचीला ठाऊक नव्हता. मी पुढे वाचून काढले ते असे. 1950 मध्ये चीनमध्ये जमीनसुधारणा कायदा झाला. जमीनदारांची जमीन काढून गरीब शेतकऱ्यांना वाटली गेली. ते काम करताना प्रत्येक कुटुंबावर जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम शेतकरी, गरीब शेतकरी असा शिक्का बसला. तो शिक्का म्हणजे ‘छेंगफेन’. जमीन वाटून झाली. पण शिक्का पुसला गेला नाही. तो बापाकडून मुलाला गेला. ज्या पोराने आयुष्यात एक वीतभर जमीन पाहिली नाही, तोही जमीनदाराचा पोर. शाळाप्रवेश, सैन्यभरती, नोकरी, लग्न, सर्व ठिकाणी तोच प्रश्न. 1966 नंतरच्या धुमाळीत तर ‘बाप वीर तर पोरगा वाघ, बाप प्रतिगामी तर पोरगा हरामी’ अशा आशयाच्या घोषणा तरुणांनी दिल्या. कोणाला मनुस्मृतीचा वास येत असेल तर तो चुकीचा नाही. 1979 मध्ये हे शिक्के काढण्याचा निर्णय झाला.

पणजोबांच्या वडिलांवर ‘श्रीमंत शेतकरी’ असा शिक्का होता. श्रीमंती म्हणजे थोडी अधिक जमीन आणि एक बैल. पणजोबांची शाळा त्यापायी सुटली. त्यांचे स्वतःचे लग्न लवकर झाले म्हणून झाले, धाकटा भाऊ बिनलग्नाचाच म्हातारा होऊन मेला. ‘मुलगी पाहायला गेले की आधी तेच विचारीत,’ म्हातारा म्हणाला, ‘आडनाव कोणी विचारत नसे.’

येथे एका माणसाचे नाव वाचकांना सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे ते फारसे कोणी घेत नाही. यू लुओके. जन्म 1942 चा. आई-वडिलांवरच्या शिक्क्यामुळे विद्यापीठाचे दार बंद झालेला, बीजिंगच्या कारखान्यात उमेदवारी करणारा हा तरुण. 1966 मध्ये त्याने जन्माच्या आधारावर माणसे तोलण्याविरुद्ध एक प्रबंध लिहिला. तो 1967 च्या जानेवारीत विद्यार्थ्यांच्या एका वृत्तपत्रात छापला गेला आणि हातोहात खपला. त्यात तो जन्मावरच्या या विषमतेची तुलना अमेरिकेतील काळ्यांशी, जपानमधील बहिष्कृतांशी आणि भारतातील शूद्रांशी करतो. त्याला अटक झाली. 5 मार्च 1970 रोजी बीजिंगमधील एका क्रीडागृहात प्रचंड जमावासमोर शिक्षा सुनावून त्याला गोळी घालण्यात आली. वय 27. त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. आपल्या दुःखाचे नाव हजारो मैलांवरच्या एका कामगार पोराने घेतले आणि त्या लेखापायी जीव दिला, हे आपल्या चळवळीत अधिक ठाऊक असायला हवे होते. आमचे अभ्यासक पाश्चात्त्य विद्वानांची अवतरणे देण्यात गुंतलेले असतात.

पणजोबा यू लुओकेच्याच वयाचे. त्यांनी त्याचे नाव ऐकले नव्हते.

जेवणानंतर दूरचित्रवाणी. वर्षाच्या शेवटच्या रात्री आठ वाजता सरकारी वाहिनीवर नववर्षाचा कार्यक्रम सुरू होतो. 1983 पासून तो अखंड चालू आहे आणि कोट्यवधी घरांत पाहिला जातो. त्या वर्षी त्यात आफ्रिकेवर एक प्रहसन होते. केनियात चीनने बांधलेला मोम्बासा-नैरोबी रेल्वेमार्ग आदल्या वर्षी सुरू झाला होता, त्याचे कौतुक. एक चिनी नटी तोंडाला काळे फासून, पार्श्वभागाला गाद्या बांधून, डोक्यावर फळांची टोपली घेऊन आफ्रिकन बाई म्हणून अवतरली आणि तिच्याबरोबर माकडाच्या वेषातला एक नट. जगभर त्यावर टीका झाली. चीनच्या परराष्ट्र खात्याने आपण वंशभेदाच्या विरोधात असल्याचे सांगून वेळ मारून नेली.

त्या घरात त्या वेळी काय झाले? सगळे हसले. मग एकेकाची नजर भाचीकडे गेली. आमची भाची सावळी आहे, चांगली सावळी. दोन दिवसांत गावातल्या बायकांनी तिचा हात उलटा-पालटा करून पाहिला होता, ‘डोळे किती मोठे, रंग किती काळा’ असे तोंडावर म्हटले होते. तिने ते अडाणीपणाचे म्हणून सोडून दिले होते. आता मात्र खोलीत शांतता झाली. आयीच्या मुलाने घाईने तिची समजूत काढली, ‘ते आफ्रिकेचे आहे. तू तशी नाहीस.’

‘मामा,’ भाची मला म्हणाली, ‘तो चांगल्या मनाने बोलला. पण “तू त्यांच्यातली वाटत नाहीस” हे वाक्य मी कॉलेजात ऐकले आहे, शेजारच्या काकूंकडून ऐकले आहे. तेही चांगल्या मनानेच म्हणत होते.’ तिने त्याला काय उत्तर दिले? तिच्या चिनी भाषेत जेवढे बसले तेवढे. आमच्या वर्गात झांबियाची एक मुलगी आहे, ती माझी मैत्रीण आहे, ती हे पाहत असेल. त्यावर कोणी काही बोलले नाही. आयीने उठून वाहिनीचा आवाज बंद केला आणि शेंगदाणे आणायला निघून गेली. एवढेच झाले. क्षमा वगैरे कोणी मागितली नाही.

पहाटे अंधारातच पुन्हा ज्याओझं उकळले. एकात नाणे दडविलेले असते, ते नातवाला मिळेल अशी व्यवस्था पणजीने केली होती हे सर्वांना ठाऊक होते. त्या भागात अजूनही नव्या वर्षाच्या सकाळी धाकटे थोरांपुढे गुडघे टेकतात. भाचीने हात जोडले. पणजोबांनी तिला लाल पाकीट दिले, नातवाला दिले तेवढेच. मग भिंतीशी ठेवलेली वंशावळ दाखविली. जुनी वही 1966 मध्ये जाळली गेली, ही नंतर आठवून आठवून लिहिलेली. पिढ्यानुपिढ्यांचे पुरुष नावानिशी होते. त्यांच्या बायका फक्त आडनावाने : झांग घराण्यातली, ली घराण्यातली. चीनमध्ये लग्नानंतर बाई आपले आडनाव बदलत नाही. पण जुन्या वंशावळीत तिचे आडनाव तेवढे उरते आणि नाव पुसले जाते. लेकींची नोंदच नाही. भाचीने आयीच्या सासूला तिचे नाव विचारले. शहात्तर वर्षांची म्हातारी लाजली. तिने नाव सांगितले तेव्हा नातू ओरडला, ‘पणजीला नाव आहे!’

सहाव्या दिवशी मुलगा-सून परत ग्वांगदोंगला निघाले. आता नातू आईला सोडायला तयार नव्हता. नेमकी ओळख पटेपर्यंत सुट्टी संपते, असे सून म्हणाली. भाची त्याच दिवशी आयीबरोबर झेंगझोऊला आली.

पुढच्या वर्षीही ती त्या गावी गेली. 2020 च्या जानेवारीत मात्र ती सुट्टीसाठी भारतात आली. 23 जानेवारीला, नववर्षाच्या दोन दिवस आधी, वुहान शहर बंद झाले. मार्चच्या अखेरीस चीनने परदेशी माणसांना दार बंद केले आणि ते विद्यार्थ्यांसाठी पुन्हा उघडले 2022 च्या ऑगस्टमध्ये. तोवर तिचे उरलेले शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर संपले होते. येथील परवाना परीक्षेचे आणि प्रशिक्षणाचे हाल हा वेगळा विषय आहे. आज ती जिल्ह्यातील एका सरकारी आरोग्य केंद्रात काम करते. दारावरच्या पाटीवर तिचे पूर्ण नाव आहे, आडनावासकट.

वसतिगृहातील तिचे सामान आयीने दोन पोत्यांत भरून गावी नेऊन ठेवले. त्यात पुस्तके आहेत, थंडीचा कोट आहे आणि वीतभर लांबीचे एक लाटणे आहे. आयी आता किल्ल्यांचे काम करीत नाही. नातू तालुक्याच्या शाळेत राहून शिकतो. त्याचे आई-वडील अजून ग्वांगदोंगलाच आहेत.